हेड उतरवण्याआधी आणि बसवल्यानंतर

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीची हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं झाकण (हेड) यांच्या मधलं पॅकिंग, बाबांच्या काळात किती वेळा बदलली, याचा हिशोब घरात कुणाकडेच नाही. उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना गाडी खंबाटकी घाटात तापायची, पाणी फेकायची आणि मग गॅरेजमध्ये मुक्कामाला जायची. परत आली की वाक्य ठरलेलं: ‘गॅसकेट उडाली होती, नवीन टाकलीय.’ ती का उडते हे कुणी विचारत नसे. जुन्या गाडीची गॅसकेट उडायचीच, असा सगळ्यांचा समज. माझं मत उलट आहे. बिचारी गॅसकेट शेवटी मरते. तिला मारणारे आधीपासून कामाला लागलेले असतात आणि नव्या गॅसकेटने त्यांचं काहीच बिघडत नाही.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा चालू होती. गॅसकेट उडाल्याच्या नेहमीच्या खुणा नव्हत्या: तेलात दुधाळ फेस नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. पण सकाळी पहिल्या स्टार्टला काही सेकंद एक सिलेंडर मिस मारायचा आणि मग सगळं सुरळीत. शिवाय रेडिएटरमध्ये अधूनमधून पेलाभर पाणी घालावं लागे आणि गाडीखाली मात्र एक थेंब दिसत नसे. ही दोन लक्षणं एकत्र आली की थांबायचं नाही, असं मला आमच्या चाचांनी सांगितलं. चाचा म्हणजे पुण्याच्या नाना पेठेच्या मागच्या गल्लीतले जुने मिस्त्री. फियाटच्या इंजिनवर त्यांचा हात बसलेला. ते म्हणाले, “भाऊ, थंड असताना गळतंय म्हणजे गॅसकेट अजून उडाली नाही, पण तिची पकड गेली. आत्ता उघडलीत तर हेड वाचेल.”

थंड असतानाच का गळतं, हे समजून घ्यायला थोडं धातूंकडे बघावं लागतं. पद्मिनीचं इंजिन फियाट ११०० च्या घराण्यातलं, कुर्ल्यात बनलेलं: ६८ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), चार सिलेंडर, १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा आणि त्यावर हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या दुप्पट वाढतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचं हेड धरा आणि इंजिन सकाळच्या ३० अंशांवरून ९० वर गेलं असं समजा. हेड अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त लांबतं, खालचा ब्लॉक जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणजे रोज गाडी चालू करून बंद केली की हेड ब्लॉकवर एकदा पुढे सरकतं आणि एकदा मागे येतं, आणि मधे चेपलेल्या गॅसकेटला हे सगळं निमूट सोसावं लागतं.

उंचीतही तोच प्रकार. हेड जाडीने जितकं फुगतं तितका पोलादी बोल्ट लांबत नाही, त्यामुळे गरम इंजिनात पकड उलट वाढते. नेहमीच्या तापमानाला ते ठीकच. पण गाडी एकदा खरोखर तापली की हेड इतकं फुगतं की गॅसकेट कायमची दबते आणि बोल्टच्या वॉशरखालचं मऊ झालेलं अ‍ॅल्युमिनियमही खचतं. इंजिन थंड झाल्यावर हेड आकसतं, पण दबलेली गॅसकेट काही पुन्हा वर येत नाही. बोल्ट त्या दिवसापासून सैल. म्हणून पहिली गळती थंड इंजिनात आणि म्हणूनच ‘घाटात तापली होती, पण नंतर नीट चालली’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. गॅसकेट त्या घाटातच जायला निघालेली असते, उडते पुढच्या उन्हाळ्यात.

हेड उतरवायच्या आधी दोन चाचण्या केल्या. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून थंड इंजिनात दाब भरला. काटा अगदी सावकाश खाली आला. तसाच दाब ठेवून रात्र काढली, सकाळी चारही प्लग काढले आणि स्टार्टर मारला. तिसऱ्या सिलेंडरच्या भोकातून पाण्याचा बारीक फवारा उडून बॉनेटच्या आतल्या बाजूला लागला. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची. इंजिन गरम करून रेडिएटरच्या तोंडातली वाफ रबरी फुग्याने त्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. आमचा आधी हिरवट झाला, मग पिवळा. एवढं पुरेसं होतं.

गॅसकेट आणायला जायच्या आधी चाचांनी मला रेडिएटरवाल्याकडे पाठवलं. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यांचं रॉडिंग करता येतं: वरची आणि खालची टाकी डाग सोडवून काढायची आणि चपट्या लांब पट्ट्या एकेका नळीतून आरपार ढकलायच्या. (हल्लीचे अ‍ॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर असे साफ होत नाहीत, ते बदलायचेच.) आमच्या रेडिएटरच्या मधल्या नळ्या जवळजवळ बुजलेल्या होत्या. पट्टी बाहेर आली की तिच्याबरोबर पांढरट-तपकिरी खपल्या पडत. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं उकळवल्यावर क्षार कुठे जाणार? असल्या रेडिएटरवर सपाट रस्त्याला गाडी मस्त चालते, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. घाटात, दुपारी, चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या की मग कळतं.

वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, उघडली. पंख्याची पाती आपटतील इतकी ती झिजलेली नव्हती, पण बेअरिंगमध्ये खेळ होता, म्हणून बदलली. थर्मोस्टॅट वॉल (पाणी पुरेसं तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) जागेवर नव्हताच, पूर्वी कुणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे हा रिवाजच आहे: गाडी तापते? वॉल काढा. त्याने तापणं पुढे ढकललं जातं, थांबत नाही, आणि सपाटीवर इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. घाटात तापायचं आणि उतारावर थंडगार व्हायचं, हा झोका अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला सर्वांत वाईट. मी नवा वॉल आणला आणि आधी भांड्यात पाणी उकळून त्यात लोंबकळत सोडून बघितला. वेळेवर उघडला, थंड होताना बंद झाला. मगच बसवायला दिला.

रेडिएटर कॅपचंही तसंच. स्प्रिंग आणि रबर शाबूत असलेली कॅप पाण्यावर दाब ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. ०.९ बारची कॅप असेल तर साधं पाणीही ११८ च्या आसपास जातं. रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. शिवाय महाबळेश्वरसारख्या साडेचार हजार फुटांवर पाणी मुळातच ९५-९६ ला उकळतं. त्या कॅपची किंमत आणि हेडच्या कामाचा खर्च यांची तुलना मी करत बसत नाही. आपल्या गाडीला जेवढ्या दाबाची दिली असेल तेवढ्याच दाबाची घ्यायची, जास्तीची नको. जुन्या होज पाइपांना ती सोसत नाही.

मग हेड. चाचांची अट एकच: इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम हेडचे बोल्ट सोडले की ते वाकडं होतं, यावर त्यांनी एका मुलाला माझ्यादेखत फैलावर घेतलं होतं. बोल्ट बाहेरून आत, फेऱ्या मारत, प्रत्येक वेळी अर्धा आटा. सगळे सुटल्यावरही हेड हलेना. तिथे पेचकस घालून उचकटायचा मोह होतोच. चाचांनी पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) काढले, प्लग पुन्हा बसवले आणि स्टार्टरला एक झटका दिला. व्हॉल्व्ह सगळे बंद, त्यामुळे कॉम्प्रेशनने हेड स्वतःच ब्लॉकवरून सुटलं. अ‍ॅल्युमिनियमला एक ओरखडा नाही.

जुनी गॅसकेट तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसची होती. ती कोरडी खरवडायची नाही, पाण्याने भिजवूनच, कारण ती धूळ फुप्फुसात जाणं वाईट. तिसऱ्या सिलेंडरच्या तांब्याच्या कडेवर एक काळी रेघ होती, सिलेंडरपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत. वायू तिथूनच जात होता. पण खरी गोष्ट हेडच्या खालच्या बाजूला होती. पाण्याच्या भोकांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या पोखरल्या होत्या. गॅसकेटची कड जिथे टेकायला हवी, तिथे धातूच नव्हता. बीड, अ‍ॅल्युमिनियम आणि रेडिएटरचं तांबं असे तीन धातू एकाच गरम, खारट पाण्यात बुडालेले, तर त्यात अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजणार. बाबांच्या काळात दर वेळी याच पोखरलेल्या कडांवर नवी गॅसकेट बसवली गेली असणार.

चाचांनी स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ पोलादी पट्टी, हेडवर ठेवली: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याची) ०.०५ मिलिमीटरची पाती सहसा खाली शिरता कामा नये. आमच्याकडे मधोमध ०.१५ ची अलगद गेली. ब्लॉकही तसाच तपासला, तो सरळ होता. बीड असं सहजी वाकत नाही.

पोखरलेल्या जागी आर्गन वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगच्या उष्णतेने हेड आणखी वाकतं, म्हणून आधी भरणं आणि नंतर प्लेनिंग, म्हणजे खालची बाजू तासून सपाट करणं, हाच क्रम. लेथवाल्याला मी दोन गोष्टी बजावल्या. एक, सपाट होण्यापुरतंच घे, ‘चकाचक’ करायला म्हणून नको. दुसरी, घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर जाडी मोजून कागदावर लिहून दे. दर प्लेनिंगला ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन ठोकायला लागतं आणि ठोकणारं इंजिन गॅसकेटच्या कडेवर हातोडी चालवत असतं. आमच्या हेडची जाडी ऐकून लेथवाला म्हणाला, “हे पूर्वीही घेतलेलं आहे.” जाडीचं माप बघता माझ्या हातून गेलं ते बहुधा शेवटचंच प्लेनिंग.

म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडंसं मागे ठेवलं. चढावर टॉप गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जरासुद्धा ‘टिक टिक’ ऐकू आली नाही पाहिजे, हा चाचांचा निकष. हल्लीच्या पेट्रोलचं ऑक्टेन जुन्या पेट्रोलहून चांगलं आहे, त्याचा फायदा होतो. पण त्यात मिसळलेल्या इथेनॉलबरोबर प्राणवायूही येतो. जुन्या कार्ब्युरेटरचं तेच जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घातला. प्लगचा रंग नंतर तपासला: विटकरी. पांढरा दिसला असता तर पुन्हा उघडलं असतं.

बसवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळी करामत त्या कंटाळ्यातच आहे. ब्लॉकची वरची बाजू प्लास्टिकच्या पट्टीने आणि पातळ केरोसिनने साफ केली. ग्राइंडरला लावायची घासणी चाचा हेडच्या जवळपास येऊ देत नाहीत. ती अ‍ॅल्युमिनियमला डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडते आणि तिची भुकटी तेलात गेली की बेअरिंगं खाते. बोल्टच्या भोकांत आटे साफ करायचा टॅप हलका फिरवला आणि हवा मारून तळ कोरडा केला. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावर दाबतो, टॉर्क रेंच (ठरावीक जोर लागला की कळवणारा पाना) ‘क्लिक’ करते, आपण खूश होतो आणि प्रत्यक्षात हेडवर पकडच नसते. कधी कधी ब्लॉकलाच चीर जाते. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने घासले आणि आट्यांवर व डोक्याखाली तेलाचा एकेक थेंब दिला. कोरड्या बोल्टवरचा टॉर्क निम्माअधिक घर्षणातच संपतो. वॉशर नवे, कडक पोलादाचे.

टॉर्क रेंच माझी होती. चाचा पान्यावर हाताच्या अंदाजाने कसत आले आहेत आणि त्यांचा अंदाज बरोबर निघतो, हेही मी पाहिलंय. पण ‘हाताने’ म्हणून त्यांचा मुलगा कसायला लागला तेव्हा मी रेंच पुढे केली. मॅन्युअलमधला आकडा तीन टप्प्यांत गाठायचा, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूंना गोल गोल जात. शेवटच्या फेरीत चाचा स्वतः आले. रेंच सावकाश, एकाच ओढीत, थांबून पुन्हा न ओढता. झटका देऊन कसलेला बोल्ट आणि सावकाश कसलेला बोल्ट यांचा काटा एकच दाखवतो, पकड वेगळी असते.

कूलंट तयार मिश्रणाचं, डिस्टिल्ड पाण्यातलं घातलं. इथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं मला अजूनही लोक विचारतात. गोठण्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. त्यातली गंजरोधक रसायनं हवीत, ती अ‍ॅल्युमिनियमवर थर धरतात. ती वर्षा-दोन वर्षांनी संपतात, रंग तसाच राहिला तरी. म्हणून रंगावरून नव्हे, तारखेवरून बदलायचं. तारीख मी बॉनेटच्या आत मार्करने लिहून ठेवलीय.

एक चाचणी मी एका वायरमनकडून शिकलो, गॅरेजमध्ये कुणाला माहीत नव्हती. मल्टिमीटरची एक वायर रेडिएटरमधल्या पाण्यात, धातूला न टेकवता, आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. आमच्याकडे हेडलाइट लावले की आकडा अर्ध्या व्होल्टकडे सरकायचा. इंजिनची अर्थिंग पट्टी गंजून गेली होती आणि वीज पाण्यातून परतीची वाट शोधत होती. अशा विजेने अ‍ॅल्युमिनियम आणखी लवकर खाल्लं जातं. पट्टी बदलल्यावर आकडा एक-दोन दशांशाच्या खाली आला. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त दुरुस्ती ही.

पहिल्यांदा इंजिन चालू करून गरम होऊ दिलं, पंखा आणि वॉल तपासला, हवा निघून जाईपर्यंत पाणी भरत राहिलो आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड असताना सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क केले. बरेचसे थोडे थोडे फिरले. नवी गॅसकेट पहिल्या गरमीत बसते, म्हणून. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा केलं, तेव्हा मोजकेच हलले. हेड खाली बसतं, त्यामुळे दर वेळी टॅपेटचं (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातलं) अंतरही पुन्हा लावावं लागतं. हे विसरलं की व्हॉल्व्ह जळतो आणि दोष पुन्हा गॅसकेटवर ढकलला जातो.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण जुन्या गाड्यांचे लोक हा उपाय सरसकट सगळ्यांना सांगत सुटतात. नव्या गाड्यांचे हेड बोल्ट ठरावीक अंशांनी फिरवून ताणलेले असतात आणि गॅसकेटही पोलादाच्या पातळ थरांची असते. त्यांना पुन्हा टॉर्क करायचं नसतं आणि बरेचदा तेच बोल्ट पुन्हा वापरायचेही नसतात. कंपनीचं मॅन्युअल सांगेल तेच. शिवाय त्या गॅसकेटला हेडचा पृष्ठभाग खूप गुळगुळीत लागतो, गल्लीतल्या प्लेनिंगवर ती टिकत नाही.

चालवण्याबद्दल थोडं. घाटात टॉप गिअरला इंजिन दमवत चढायचं नाही, वेळेवर खालचा गिअर टाकायचा. इंजिन मोकळं फिरलं की पंखा आणि पंपही फिरतात. वर पोचल्यावर चावी लगेच बंद करायची नाही. पाणी थांबलं की हेडची उष्णता जागीच साचते. मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवायची. गाडी तापलीच तर बाजूला घ्यायची, थंड पाण्याची बाटली इंजिनवर ओतायची नाही, कॅप उघडायची नाही. खंबाटकीच्या वळणांवर अजून लोक ते करताना दिसतात, वाफेच्या फवाऱ्यासकट.

आणि काट्यावर डोळे झाकून विसंबू नये. पाणी गेलं की तापमानाचा सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, गाडी थंड झाली. आत हेड भाजत असतं. आमच्या गाडीत होज फुटला तर काटा भरवशाचा राहणार नाही, म्हणून मी हेडलाच, प्लगजवळच्या बोल्टखाली, एक वेगळा सेन्सर लावलाय. तो धातूचं तापमान दाखवतो, पाणी असो वा नसो. एक छोटी लाल लाइट डॅशबोर्डखाली आहे. बाबांना ती आवडत नाही, त्यांच्या मते गाडी विमान झालीय.

आता काळजी आहे ती हेडची. आणखी प्लेनिंगला जागा उरलेली नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. सुटे भाग मिळतात अजून, पण घासलेले, भरलेले, पुन्हा रंगवलेले. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने एक हेड दाखवायचं कबूल केलंय. ‘कधी तापलेलं नाही, शब्द देतो,’ म्हणाला. शनिवारी जातोय. स्ट्रेट एज, फिलर गेज आणि जाडी मोजायचं मापक सोबत घेऊन. वाकलेलं निघालं तर घ्यायचं नाही, किंमत कितीही उतरवली तरी.